झाडं दुर्मीळ का होतात : अडतं नेमकं कुठे?

प्रश्न : जवळच्या नात्यातल्या दोन वनस्पती. एक वाटेकडेला तणासारखी माजते, दुसरी अख्ख्या जगात एखाद्याच डोंगरावर सापडते. असं का होतं?

‘दुर्मीळ’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात निदान तीन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. डेबोरा रॅबिनोविट्झ या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९८१मध्ये त्या सुट्या करून दाखवल्या. वनस्पती किती मुलखात पसरली आहे? जागेबाबत ती किती चोखंदळ आहे? आणि जिथे आहे तिथे तरी ती भरपूर आहे का? प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं धरली तरी आठ जोड्या होतात. मुलूख मोठा, जागा कुठलीही चालते आणि संख्या भरपूर, ही जोडी सर्रास आढळणाऱ्या वनस्पतींची. उरलेल्या सातही जोड्या दुर्मीळ वनस्पतींच्या, पण सात तऱ्हांच्या. त्यामुळे ‘ही दुर्मीळ आहे, वाचवा’ एवढ्यावरून काय करायचं ते कळत नाही.

आधी चोखंदळ जातींचं बघू. सर्पेंटाइन खडकापासून बनलेल्या मातीत मॅग्नेशियम फार, कॅल्शियम कमी आणि वर निकेल-क्रोमियमसारखे धातू. बहुतेक झाडं तिथे खुरटतात किंवा मरतात. मोजक्या जातींना हा मारा सोसता येतो आणि मग ती जमीन जवळजवळ बिनभाड्याने त्यांच्या वाट्याला येते. गंमत अशी, की यातल्या बऱ्याच जाती साध्या बागेच्या मातीत, कुंडीत उत्तम वाढतात. म्हणजे विषारी माती त्यांना आवडते असं नाही. चांगल्या मातीत उंच, झपाट्याने वाढणाऱ्या झाडांची गर्दी त्यांना ऊन मिळू देत नाही, एवढंच. कुंडीत स्पर्धाच नसते. म्हणून ‘कुंडीत आली, म्हणजे कुठेही येईल’ हा निष्कर्ष चुकतो, आणि तो काढणारे फार आहेत.

सह्याद्रीतलं शिवसुमन हे याचं जवळचं उदाहरण. मांसल खोडाची ही छोटी वनस्पती मोजक्या कड्यांच्या कपारींत सापडते. फाटा (फांदीचा तुकडा) लावला की सहज मुळं धरते आणि निवडुंगवर्गीय झाडं जमवणाऱ्यांच्या कुंड्यांत जगभर वाढते आहे. तरी कड्यावरची शिवसुमनं त्यामुळे वाढलेली नाहीत.

दुसरं कारण इतिहासाचं. काही जाती म्हणजे जुन्या वैभवाचे अवशेष. मेटासिक्वोया या वृक्षाला शिगेरू मिकी यांनी १९४१मध्ये नाव दिलं ते जीवाश्मांवरून. जिवंत झाडं चीनमधल्या एका छोट्या टापूत सापडली ती त्यानंतर. कधीकाळी उत्तर गोलार्धात दूरवर पसरलेला हा वृक्ष हवामान बदलत गेलं तसा आक्रसत तिथे उरला होता. बी १९४८ साली बाहेर गेलं आणि आज तो कितीतरी देशांतल्या उद्यानांत डौलाने उभा आहे. थोडक्यात, त्याचा टापू छोटा उरला तो इतर ठिकाणी तगत नव्हता म्हणून नव्हे. तिथवर पुन्हा पोचण्याची सोयच त्याला नव्हती.

याच्या उलट, काही जाती नुकत्याच जन्मल्या म्हणून दुर्मीळ असतात. यॉर्क ग्राउंडसेल ही इंग्लंडमधली छोटी पिवळ्या फुलांची वनस्पती दोन जातींच्या संकरातून अगदी अलीकडे तयार झाली आणि १९७९मध्ये यॉर्क शहरातल्या एका कार पार्कमध्ये लक्षात आली. १९९१नंतर ती रानात दिसली नाही. जपून ठेवलेल्या बियांमधून २०२३मध्ये ती पुन्हा रुजवली गेली.

आणि मोठ्या मुलखात, पण सगळीकडे विरळ असणाऱ्या जातींबद्दल एक सावधगिरी. विरळ म्हणजे आजारी नव्हे. अमेरिकेतल्या प्रेअरीच्या विरळ गवतांवर रॅबिनोविट्झ यांनी स्पर्धेचे प्रयोग केले, तेव्हा ही गवतं मोठ्या संख्येच्या शेजाऱ्यांत एकटीदुकटी असतानाच चांगली वाढताना दिसली. अशा जातीची ‘संख्या वाढवा’ मोहीम काढणं म्हणजे तब्येत ठणठणीत असलेल्याला औषध पाजणं.

प्रश्न : कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. मग ती दुर्मीळ म्हणायची ना?

नाही. तिचं फूल क्वचित दिसतं, झाड नव्हे. कारवीचे डोंगरउतार फुलोऱ्याच्या मधल्या वर्षांतही हिरवेगार असतातच, आपण फक्त फुलांच्या वर्षी ते बघायला जातो.

पण प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अशीच चूक अभ्यासकही करतात. काही जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड) एखाद्या वर्षी वर येतच नाहीत, कंद जमिनीत पडून राहतो. एकवर्षायू वनस्पतींची तर खरी संख्या मातीतल्या बियांत असते, वर दिसतात ती त्या वर्षी उगवलेली रोपं. एका पावसाळ्याची मोजणी करून ‘निम्मी झाली’ म्हणणं धोक्याचं. मोजायचंच असेल तर एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन कोपऱ्यांवर खिळे ठोकून कायमचे आखा, दरवर्षी हंगामाच्या त्याच टप्प्यावर जा, फुललेली, न फुललेली आणि रोपं हे तीन आकडे वेगळे लिहा, शेजारी त्या वर्षीचा पाऊस नोंदवा. निदान पाच वर्षांचे आकडे हाती येईपर्यंत घटली की वाढली यावर बोलू नये.

प्रश्न : एका दुर्मीळ वृक्षाची रोपं आमच्या संस्थेच्या आवारात लावली. आता दरवर्षी भरपूर फुलं येतात, पण फळ एकही धरत नाही. खत वाढवावं का?

खत राहू द्या. फुलं भरपूर येतात म्हणजे झाड उपाशी नाही. साखळी फुलाच्या पुढे कुठेतरी तुटली आहे आणि ती कुठे तुटली हे एका हंगामात शोधता येतं.

पहिलं काम भिंगाचं. दहापट भिंगातून प्रत्येक झाडाची दहा-दहा फुलं बघा. सगळ्यांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही आहेत का? काही जातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि तुमच्याकडे नेमके सगळे नरच आले असतील. दुसरी चौकशी रोपवाटिकेत करा : ही रोपं बियांची की फाट्यांची? एकाच झाडाचे फाटे असतील तर आवारातली पन्नास झाडं ही खरं तर एकच झाड आहे.

मग प्रयोग. उद्या उमलतील अशा कळ्या निवडा, तीन-चार झाडांवर मिळून प्रत्येक गटात पंचवीस-तीस. चार गटांना चार रंगांचे दोरे बांधा. पांढरा : कळीवर पिशवी, पुढे हात लावायचा नाही. पिवळा : पिशवी, आणि उमलल्यावर त्याच झाडाचे पराग. लाल : कळीतच परागकोश फुटण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे, पिशवी, मग वेगळ्या मातृवृक्षापासून आलेल्या झाडाचे पराग. निळा : नुसता दोरा, फूल उघडं. पिशवी मलमलीची किंवा ऑर्गंझाची घ्या. प्लास्टिकमध्ये वाफ कोंडून फूल सडतं.

पराग टेकवण्याची वेळ चुकली की सगळी मेहनत वाया जाते. कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक, चकचकीत आणि चिकट दिसू लागली की ती तयार असते. खात्री करायची तर वेगळ्या, प्रयोगात नसलेल्या फुलाच्या कुक्षीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. बुडबुडे आले तर बहुधा तयार. (कुक्षी दुखावलेली असेल तरीही बुडबुडे येतात, म्हणून हळू हाताने.) पराग नुकत्याच फुटलेल्या, कोरड्या परागकोशातले हवेत. पावसाने भिजलेले पराग बऱ्याचदा फुटून निकामी होतात. कुंचला वापरत असाल तर झाड बदलताना तो स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा. त्यापेक्षा परागकोशच चिमट्यात धरून कुक्षीवर अलगद घासणं सोपं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करा. कुक्षी सुकली की पिशवी काढा, दोन आठवड्यांनी मोजा आणि फळ पिकल्यावर परत मोजा.

आता निकाल वाचायचा. लाल धरला आणि निळा धरला नाही, तर परागवाहक येत नाही. लाल धरला आणि पिवळा गळला, तर झाड स्वतःचे पराग नाकारतं. तुम्हाला दुसऱ्या मातृवृक्षांची रोपं आणावी लागतील. लाल आणि पिवळा दोन्ही गळले, तर पराग वांझ आहेत का ते तपासा, आणि आपण ‘वेगळी’ समजलेली झाडं एकाच घरची तर नाहीत ना हेही. पांढराही धरला, तर तुमची अडचण परागीभवनाची नव्हेच. फळ नुसतं फुगलं म्हणून मोजू नका, कापून आत भरलेलं बी आहे का ते बघा.

यातला प्रत्येक प्रकार प्रत्यक्षात घडलेला आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या लेकसाइड डेझीच्या शेवटच्या वस्तीतली झाडं वर्षानुवर्षं फुलत होती, बी धरत नव्हतं, कारण उरलेली सगळी झाडं परस्परांचे पराग नाकारणाऱ्या एकाच गटातली होती. ओहायोतल्या झाडांशी संकर केल्यावर बी आलं. हवाई बेटांवरच्या ब्रिगहॅमियाची फुलं लांब नळीची, तिथवर सोंड पोचणारा पतंग बहुधा नाहीसा झालेला. मग वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोराला लटकून कड्यावर हाताने पराग टेकवले. रॉड्रिग्ज बेटावरच्या कॅफे मॅरॉनचं एकच झाड उरलं होतं. त्याचे फाटे लंडनच्या क्यू उद्यानात वाढले, फुलले, पण बी धरेना. ते मिळालं २००३मध्ये, खूप खटपटींनंतर.

प्रश्न : रानातल्या एका दुर्मीळ वृक्षाचं बी नीट सावलीत वाळवलं, हवाबंद बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. सहा महिन्यांनी पेरलं तर एकही उगवलं नाही. चूक काय झाली?

बहुधा वाळवलंत तीच. बियांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. एक वाळवलं की टिकतं, दुसरं वाळवलं की मरतं. आंबा, फणस, कोको, ओक आणि ओल्या जंगलातले अनेक मोठे वृक्ष दुसऱ्या वर्गातले. त्यांच्या बियांतली ओल साधारण २० ते ३० टक्क्यांच्या खाली गेली की गर्भ मरतो, आणि उष्ण प्रदेशातल्या अशा बियांना फ्रिजचा गारवाही बाधतो. बी मोठं, गरदार आणि पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा ऐन पावसात पिकणारं असेल तर हीच शंका आधी घ्या. असं बी ओलसर कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत, सावलीत ठेवून काही दिवसांतच पेरायचं. बीजबँकेत ठेवण्यासारखं ते नसतंच. अशा जातींची पिढी जपायची तर जिवंत झाडंच वाढवावी लागतात.

वर्ग ठाऊक नसेल तर बियांचे तीन वाटे करा. एक ताजा पेरा, दुसरा अर्धवट वाळवून, तिसरा पूर्ण वाळवून. ताजा उगवला आणि तिसरा मेला, की उत्तर मिळालं. हाती तीसच बिया असल्या तरी दहा-दहाचा हा खर्च करा, पुढच्या तीनशे वाचतात.

वाळवून टिकणाऱ्या बियांसाठी बीजबँका १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, १५ ते २० अंशांना वाळवतात आणि उणे २० अंशांना ठेवतात. साध्या सोयींत हे असं जमतं : बियांच्या वजनाइतकं कोरडं सिलिका जेल हवाबंद बरणीत तळाशी, वर कागदी पाकिटात बी. जेलचा रंग बदलला की ते बदला. लहान बियांना दोन-तीन आठवडे पुरतात. मग त्याच कोरड्या अवस्थेत हवाबंद करून थंडीत. बाहेर काढताना बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. घाईने उघडली तर गार बियांवर हवेतली वाफ जमते आणि वाळवण्याची मेहनत मातीत जाते.

शिवाय ‘उगवलं नाही’ म्हणजे ‘मेलं’ असं लगेच धरू नका. पाच-दहा बिया ब्लेडने कापा. आत पांढरा, टणक गर्भ असेल तर बी बहुधा झोपलेलं आहे. दहा बिया वजन करून २४ तास पाण्यात ठेवा आणि टिपून पुन्हा वजन करा. वजन वाढलं नसेल तर टरफलातून पाणी आत जात नाही : देठाची खूण असते त्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने टरफलाचा टवका उडेल एवढीच चीर द्या. वजन वाढूनही उगवत नसेल तर अडचण आतली आहे. चंदनाचं बी याचं परिचित उदाहरण, ते ५०० पीपीएम जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात (लिटरला अर्धा ग्रॅम, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून) रात्रभर भिजवून पेरतात. आणि चंदनाच्या रोपाला पुढे दुसऱ्या झाडाच्या मुळांचा आधार लागतो, हे विसरून बरीच रोपं पिशवीतच पिवळी पडतात.

गोळा करण्याबद्दलही. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही, शक्य तिथे पन्नासेक झाडांचं थोडं थोडं घ्यायचं, आणि प्रत्येक मातृवृक्षाची पिशवी वेगळी ठेवायची. सगळं एका गोणीत ओतलं की वरच्या प्रश्नातली ‘एकाच घरची झाडं’ पुढच्या पिढीत ओळखता येत नाहीत.

प्रश्न : जंगलातून आणलेली आमरी वर्षभरात मेली. कोणतं माध्यम वापरायला हवं होतं?

कोणतंही नाही, ती आणायला नको होती. आमरीचं बी धुळीसारखं, त्यात अन्नसाठा नसतो. रुजताना विशिष्ट बुरशी त्याला अन्न पुरवते, आणि जमिनीवरच्या अनेक आमरींचं त्या बुरशीशी नातं मोठेपणीही सुटत नाही. उपटताना मुळांबरोबर ते नातं तुटतं. झाडावरची आमरी साठवलेल्या अन्नावर काही महिने तग धरते, म्हणून ‘लागली’ असा भास होतो. ब्रिटनमध्ये लेडीज स्लिपर आमरी जमवणाऱ्यांनी इतकी उपटली, की रानात एकच झाड उरलं आणि त्यावर पहारा ठेवावा लागला. हौस असेल तर प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत, साखरेच्या माध्यमावर वाढवलेली रोपं घ्या.

प्रश्न : उतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवून, लाखो रोपं करता येतात. मग दुर्मीळतेचा प्रश्न सुटलाच नाही का?

रोपांच्या आकड्याचा सुटला, जातीचा नाही. एनसेफॅलार्टॉस वूडी या सायकॅडचा (ताडासारख्या दिसणाऱ्या प्राचीन गटातल्या झाडाचा) एकमेव नर जॉन मेडली वूड यांना दक्षिण आफ्रिकेतल्या ओंगोये जंगलात १८९५मध्ये सापडला. मादी आजवर कुणाला मिळालेली नाही. जगभरातल्या उद्यानांत आज त्याची झाडं आहेत, ती सगळी त्याच नराच्या फुटव्यांची. हजार करा, बी एकही होणार नाही.

ऑस्ट्रेलियातला वॉलेमी पाइन १९९४मध्ये सिडनीजवळच्या एका दरीत सापडला. रानात मोठी झाडं शंभराच्या आत आणि त्यांच्यात जनुकीय फरक अत्यल्प. फायटोफ्थोरा हा मूळ कुजवणारा रोग एकाला मारू शकतो तर सगळ्यांनाच. लाखभर नकला केल्या तरी रोगाच्या दृष्टीने ते एकच झाड.

आणि मूळ कारण जागेवरच असेल तर? हवाईतल्या मौना केआ पर्वतावरच्या सिल्व्हरस्वर्ड या वनस्पतीची पुनर्लागवड झाली, रोपं जगलीही, पण त्यांतली बहुतेक दोन-तीन मातृवृक्षांची संतती निघाली. पुढे कड्यांवर उरलेल्या रानटी झाडांवर हाताने परागीभवन करून वाण वाढवावा लागला. मुळात ती जात तिथून जवळजवळ संपली होती बाहेरून आणलेल्या मेंढ्या-बकऱ्यांच्या चराईने. कुंपण नसेल तर प्रयोगशाळेतून फक्त त्यांचा चारा पुरवला जातो. उतिसंवर्धनाला आमचा विरोध नाही. शेवटचं झाड मरायला टेकलं असेल तर दुसरा इलाज नसतो. पण आधी अनेक मातृवृक्षांचं बी, मग फाटे, आणि सगळ्यात शेवटी बाटली, हा क्रम पाळावा.

प्रश्न : ‘अतिसंकटग्रस्त’ हे ठरवतं कोण, किती झाडांवरून?

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीचे निकष वापरले जातात. नुसत्या संख्येवरून ठरवायचं तर प्रौढ झाडं ५०पेक्षा कमी म्हणजे अतिसंकटग्रस्त, २५०पेक्षा कमी म्हणजे संकटग्रस्त, १,०००पेक्षा कमी म्हणजे असुरक्षित. रोपं यात धरत नाहीत. पण घटीचा वेगही निकष आहे : दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जे जास्त असेल त्या काळात, साधारणपणे ८०, ५० आणि ३० टक्के घट. म्हणून लाखोंनी असलेली, पण झपाट्याने तोडली जाणारी जात यादीत येते. उलट, जी दुर्मीळ आहे पण स्थिर आहे, ती मात्र यादीच्या खालच्या पायरीवर राहू शकते.

प्रश्न : फिरताना दुर्मीळ वाटणारी वनस्पती दिसली तर काय करावं? फोटो टाकावा का?

फोटो जरूर टाका, जागा टाकू नका. मोबाइलच्या फोटोतच जागेची नोंद असते, ती टाकण्याआधी काढून टाका. मागे ओळखू येणारी शिखरं-देवळं दिसत असतील तर चौकट आवळा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींची जागा आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकटीत धूसर केली जाते. तसं होत नसेल तर ‘धूसर’ हा पर्याय स्वतः निवडा.

ओळख पटण्यासाठी फूल समोरून आणि बाजूने, पानाची दोन्ही अंगं, खोड, फळ आणि संपूर्ण झाड असे फोटो हवेत, एकात मापाची पट्टी ठेवून. शेजारी लिहा : तारीख, उंची, उताराची दिशा, माती की कातळ, किती झाडं फुललेली, किती नुसती रोपं, चराईच्या किंवा खणण्याच्या खुणा. नेमके अक्षांश-रेखांश वहीत ठेवा आणि जवळच्या वनस्पतिसंग्रहालयातल्या अभ्यासकाला किंवा वनविभागाला थेट कळवा. नमुना म्हणून उपटायचं नाही. आजूबाजूला वीसपेक्षा कमी झाडं दिसत असतील तर फांदीचा तुकडाही नको, फोटो पुरतात.